प्राचार्य साहेब, दसऱ्याच्या आत फॉर्म भरून घ्या

प्रति,
मा. प्राचार्य,
बीड जिल्ह्यातली सर्व कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालये.

स.न.वि.वि.

हे पत्र पोरांच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मांबद्दल आहे, पण मंत्र्यांना लिहिलेलं नाही. त्यांना, आयुक्तांना आणि पोर्टलच्या हेल्पलाइनला पुष्कळ लिहून झालं. उत्तरादाखल एक तक्रार क्रमांक येतो. तो आम्ही वहीत उतरवून ठेवतो, आणि वही भरली की नवी आणतो. मला जे मागायचंय ते तुमच्या हातातलं आहे. त्याला जीआर लागत नाही, निधी लागत नाही. फक्त कॅलेंडर थोडं अलीकडं ओढावं लागेल.

मी धारूर तालुक्यात महा ई-सेवा केंद्र चालवतो. २०१७ साली शिष्यवृत्तीचं सरकारी महाडीबीटी पोर्टल आलं, तेव्हापासून पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतोय. त्याआधी नुसतं झेरॉक्सचं दुकान होतं. कागद सगळे जवळ असले तर एक फॉर्म भरायला अर्धा तास पुष्कळ झाला. ओटीपी मिळवायला मात्र दोन-दोन दिवस जातात. कसे जातात ते एकदा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या ऑफिसातनं ते दिसत नाही.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. एक पोरगी आली, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावून आणलेले, मूळ प्रती वेगळ्या, झेरॉक्स वेगळ्या. आधार नंबर टाकला. ओटीपी गेला बापाच्या फोनवर, आणि बाप कोल्हापूरच्या बाजूला ऊसतोडीला, फडात. तिनं फोन लावला, बंद. संध्याकाळी सातला परत आली. माणसं कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर येतात, कुणीतरी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करतं, मग तो चालू होतो. लागला एकदाचा. पोरगी म्हणाली, "आबा, आत्ता मेसेज आला आसंल, त्यातला नंबर सांगा." तिकडनं आवाज आला, "ते कसं सांगू माय? बँकेतल्या साहेबानं बजावलंय, ह्यो नंबर कुनालाच सांगायचा नाई. लेकीला सांगितलेला चालतो का, ते इचारून घे आदी."

दुकानातली सगळी हसली. पोरगी हसली नाही. बापाला अक्षर येत नाही. फोन ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरकडं गेला, त्यानं सहा आकडे वाचले, तोवर दहा मिनिटं उलटून गेली होती. दुसऱ्या खेपेला रेंज गेली. तिसऱ्या खेपेला आकडे वेळेत मिळाले, तर इकडं सर्व्हर बसला. चौथ्या दिवशी फॉर्म सबमिट झाला. ह्या चार दिवसांत तिची प्रॅक्टिकलं बुडाली, आणि गावाहून धारूरला यायचं-जायचं भाडं गेलं ते वेगळंच.

ही एकटीची तऱ्हा असती तर पत्र लिहिलं नसतं. दिवाळीनंतर माझ्या टेबलासमोर रोज असं एखादं तरी लेकरू उभं असतं, कानाला फोन लावून.

आपल्या जिल्ह्याला ह्यात नवीन काही नाही. दसरा झाला की ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात. त्याच्याकडनं आगाऊ उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोचा कोयता (तोडणीच्या जोडीला कोयताच म्हणतात) कोल्हापूर, सांगली, सोलापूर नाहीतर कर्नाटकात जातो. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की फाल्गुन-चैत्रात माणसं माघारी येतात. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने घरात म्हातारी माणसं आणि शिकणारी लेकरं. आता शिष्यवृत्तीचं वेळापत्रक ह्याच्या शेजारी ठेवून बघा. प्रवेश जुलै-ऑगस्टात. पोर्टल त्याच्या मागंपुढं सुरू होतं. पण कॉलेजात सगळ्यांना पाठ आहे की मुदतवाढ मिळतेच. त्यामुळं नोटीस लागते दिवाळीनंतर, शिपाई वर्गावर फिरतो दिवाळीनंतर, आणि "ज्यांचे फॉर्म राहिलेत त्यांनी दोन दिवसांत भरावेत" असं माइकवर सांगितलं जातं तेही दिवाळीनंतर. बाप गावात होता तेव्हा कुणाला घाई नव्हती. घाई सुटली तेव्हा बाप फडात.

फॉर्मवर विद्यार्थ्याचं नाव असलं तरी तो खरा चालतो बापावर. लेकराचं आधार लहानपणी काढलं तेव्हा घरात फोन एकच होता, तोच नंबर जोडला गेला. आधारचं बायोमेट्रिक पंधराव्या वर्षी अद्ययावत करायचं असतं. नेमकं तेव्हा पोरगं आई-बापाबरोबर उसाच्या फडात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत होतं, म्हणून ते राहून गेलं. उत्पन्नाच्या दाखल्याला बापाचं स्वयंघोषणापत्र लागतं. जात पडताळणीच्या शपथपत्रावर आणि वंशावळीवर सही बापाची. रेशनकार्ड तर बऱ्याचदा फडातच असतं, कारण तिकडंही धान्य मिळतं.

पडताळणीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पोरं सगळ्यात जास्त तिथंच अडकतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, ह्या तारखांच्या आधीचा जातीचा किंवा रहिवासाचा पुरावा लागतो. ज्याचा आजा शाळेची पायरी चढलाच नाही, त्यानं प्रवेश-निर्गम उतारा आणायचा कुठून? आपल्याकडं निजामाचं राज्य होतं. जुनं दप्तर उर्दूत नाहीतर मोडीत. मग चुलत्याचा, चुलतआज्याचा, त्यांच्या पोरांचा कागद शोधत गावोगाव फिरावं लागतं. हे काम अठरा वर्षांच्या पोराला एकट्याला झेपत नाही. कुठला चुलता कुठल्या गावात दिला-घेतला, हे बापालाच ठाऊक असतं.

आता पैशाचं. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीची योजना १९४४ सालची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाची. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. २०२१ साली केंद्रानं नियम बदलले. आता केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यातली कॉलेजची फी त्यानं सात दिवसांत कॉलेजात भरायची असते. कागदावर हे फार चांगलं आहे. मधली गळती थांबते, पैसा हक्काच्या माणसाच्या हातात पडतो.

पण माघ महिन्यात एका पोराच्या खात्यावर फीचे पैसे आले, त्याच आठवड्यात फडात त्याच्या आईच्या पायावर उसाची मोळी पडली. पोरानं पैसे दवाखान्याला पाठवले. दुसरा मार्ग होता का, हे मी त्याला विचारलं नाही. कॉलेजनं त्याला "शासनाची रक्कम वापरणारा" म्हणून ऑफिसात उभं केलं आणि परीक्षेचा फॉर्म अडवला. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीचे तुम्ही निवांत व्हाल. प्राचार्य साहेब, कायद्यानं तुमचं बरोबर होतं. पैसे कॉलेजचेच होते. पण तो पोरगा चोर नव्हता. हप्ते पाडून दिले असते तर पट्टा पडल्यावर त्याच्या बापानं रोख आणून भरले असते. झालं असं की पोरगं चैत्रात आलं, परीक्षा सुरू असताना, आणि मला म्हणालं, "मामा, पुन्हा फॉर्म भरायची गरज नाई आता."

खात्याची आणखी एक गंमत सांगतो, आम्ही तिला गंमत म्हणतो म्हणून. आधार नंबरावर येणारे पैसे जातात ते आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात. पासबुक कुठलंही असू द्या, मॅपिंग, म्हणजे ही जोडणी, एकाच बँकेचं चालतं. मोबाइलच्या दुकानात सिम घेताना "अंगठा ठेव" म्हणतात, त्यात एखादं खातं उघडलं जातं आणि मॅपिंग तिकडं पळतं. मग पोरगं वर्षभर आपल्या बँकेत चकरा मारतं, बँक म्हणते आमच्याकडं आलेलेच नाहीत, आणि पैसे बिचारे तिसरीकडंच बसलेले असतात. एकाचे पैसे आम्ही असे दीड वर्षानं शोधून काढले. पेढे वाटले त्यानं.

मिळतं तरी किती, हेही लिहायला पाहिजे, कारण गावात अजून समज आहे की सरकार पोरांना पोसतं. त्याच २०२१ च्या नियमांप्रमाणं साध्या बी.ए., बी.कॉम.च्या पोराला निर्वाहभत्ता वर्षाला ३,००० रुपये, वसतिगृहात राहत असेल तर ६,०००. वर्षाला म्हटलंय, महिन्याला नव्हे. अंबाजोगाईत नाहीतर संभाजीनगरात मेसचा डबा एक-दोन महिने लावला की ते संपले. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. संभाजीनगरात राहणाऱ्याला तिच्यातनं वर्षाला ५१,००० मिळतात, आणि तिनं कितीतरी पोरं तगवलीत हे मी डोळ्यांनी बघितलंय. ओबीसी आणि भटक्यांसाठी सावित्रीबाई फुल्यांच्या नावानं तशीच "आधार" योजना निघाली. तिचं नाव सांगितलं की माणसं आधार कार्ड काढून टेबलावर ठेवतात. नाव ठेवणाऱ्यानं एकदा माझ्या दुकानात येऊन बसावं.

मुलींचं वेगळं लिहितो. ८ जुलै २०२४ च्या जीआरनं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मं होतं. गावात एवढंच पोचलं की "पोरींना शिक्षण फुकट". फुकट आहे, पण फॉर्म भरल्यावर. तो फॉर्मही ह्याच पोर्टलवर, ह्याच ओटीपीनं. पोरीच्या हातात फोन द्यायचा नाही असं ठरवलेल्या घरात तिचा नंबर असतो थोरल्या भावाचा, आणि भाऊही फडात. तिला तिच्याच फॉर्मचं काय झालं ते कळायला भावाची मर्जी लागते. मी दुकानदार माणूस, कुणाच्या घरात बोलू शकत नाही. तुम्ही पालकसभेत बोलू शकता. "शिष्यवृत्तीसाठी लागतो" असं प्राचार्यांनी म्हटलं की साधा बटणाचा फोन का होईना, पोरीला मिळतो. अठराच्या आत सिम तिच्या नावावर निघत नाही, तर आईच्या नावावर काढा, पण फोन तिच्या दप्तरात राहू द्या.

आणि आता तुमच्या लॉगिनबद्दल. रागावू नका.

फॉर्म सबमिट झाला की तो आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, तिथनं पुढं खात्याकडं. कागद अस्पष्ट असेल तर तुमचा कारकून तो परत पाठवतो. एका पोराचा टीसी स्कॅन करताना कोपरा कापला गेला होता. चूक माझी. फॉर्म परत आला. आल्याचा मेसेज कुठं गेला? बापाच्या फोनवर. बाप बेळगावकडं. पोरगं त्याच कॉलेजात, त्याच वर्गात, कारकुनाच्या खिडकीपासून पन्नास पावलांवर रोज बसत होतं. ते दोनदा त्या खिडकीसमोरनं बसचा पास काढायला गेलं, पण कुणी हाक मारली नाही. मुदत गेली, आणि वर्षाची शिष्यवृत्ती एका कोपऱ्यापायी गेली. मी त्याला माझ्या खिशातनं काही दिलं, ते त्यानं घेतलं नाही.

कारकुनाला दोष देऊन मोकळं होता येत नाही. मी त्याला ओळखतो. तासिकेवरच्या प्राध्यापकासारखाच तोही कंत्राटी. एका कॉम्प्युटरवर सगळ्या शाखांचे फॉर्म. त्यात सामाजिक न्याय वेगळं, बहुजन कल्याण वेगळं, आदिवासी विकास वेगळं, उच्च शिक्षण वेगळं. पोर्टल एक असलं तरी नियम चौघांचे चार.

पूर्वीचं बरं होतं, असं म्हणणारे भेटतात. मी म्हणत नाही. कागदी फॉर्मच्या काळात काही संस्थांनी नसलेली पोरं दाखवून शिष्यवृत्त्या उचलल्या, सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. आज पोराला आधार, ओटीपी, मॅपिंग ह्या सगळ्या चाळण्यांतनं जावं लागतं, त्याचं एक कारण ती मंडळी आहेत. खाल्लं त्यांनी, आणि हिशेब द्यायचा ऊसतोड्याच्या पोरानं. पण त्या काळातली एक गोष्ट खरी. माझ्या शाळेतले एक गुरुजी संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. ते सांगायचे, शिष्यवृत्ती आली की कारकून वर्गाच्या दारात येऊन नाव पुकारायचा. सगळ्यांसमोर पुकारल्याची लाज वाटायची म्हणे, पण चुकायचं कुणाचं नाही.

तेवढं पुकारणं परत आणा. परत आलेल्या फॉर्मांची यादी दर सोमवारी नोटीस बोर्डावर लावा आणि वर्गशिक्षकाला द्या. जात-बित लिहू नका, नुसता हजेरी क्रमांक आणि "ऑफिसात भेटा" एवढं पुरे.

दुसरं, आणि खरं मागणं हेच आहे. बारावीचा निकाल लागलाय. पट्टा पडून माणसं गावात आलीत. बाप आत्ता पारावर बसलेला आहे. एका वर्षाचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. म्हणजे आत्ता काढलेला दाखला पुढचा सगळा हंगाम पुरतो, आणि दिवाळीत काढायला निघालं तर बाप नसतो. लोकसेवा हक्क कायद्यानं तो पंधरा दिवसांत मिळायला हवा. कार्तिकात पंधरा दिवस म्हणजे मुदत संपली, जेठ-आषाढात पंधरा दिवस म्हणजे काहीच नाही. तर प्रवेशाच्या फॉर्मसोबतच विचारा: आधारला नंबर कुणाचा आहे? तो फोन आत्ता कुठं आहे? दसऱ्यानंतर कुठं असेल? हे तीन प्रश्न तुमच्या प्रवेश अर्जात छापले तरी माझं निम्मं काम हलकं होईल. आधार केंद्राचं मशीन दोन दिवस कॉलेजात बोलवा, पोरांचे स्वतःचे नंबर जोडून घ्या, राहिलेलं बायोमेट्रिक करून घ्या. पडताळणीची शपथपत्रं बाप असताना सही करून ठेवा. पोर्टल सुरू झालं की घटस्थापनेपर्यंत कॉलेजातला एकही फॉर्म राहणार नाही, अशी तुमची स्वतःची तारीख लावा. सरकारची मुदत मार्चपर्यंत वाढली तरी ती आपल्यासाठी नाही असं समजा. मुदतवाढ ही घरी बाप असणाऱ्यांची सोय आहे.

आणि प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मागासवर्गीय पोराकडं पूर्ण फी मागू नका. शासनाचे तसे आदेश आहेत, तुमच्या फाइलीत आहेत, मला दाखवायला लावू नका. "आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ" ह्या वाक्यावर लेकरं प्रवेश न घेता माघारी गेलीत. त्यातली दोघं यंदा कोयत्यावर होती.

माझ्याकडनं काय देऊ शकतो ते लिहितो. माझ्याकडं एक लॅपटॉप, एक स्कॅनर आणि अंगठ्याचं एक मशीन आहे. धारूर, वडवणी, केज, माजलगाव ह्या चार तालुक्यांतल्या ज्या कॉलेजला शिबिर घ्यायचंय, तिथं मी जूनपासून दर रविवारी येईन. सरकारी दरापलीकडं एक रुपया घेणार नाही. मला एक टेबल, एक प्लग आणि सावली लागेल. लाइट जाते म्हणून इन्व्हर्टरजवळचा प्लग मिळाला तर बरं. फॉर्म भरताना पालक समोर पाहिजेत, एवढीच अट. आपल्या जिल्ह्यातले आणखी दहा-बारा केंद्रचालक तयार आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवलंय.

कळावे,

आपला,
महा ई-सेवा केंद्र चालक
धारूर, जि. बीड

ता.क. : वर ज्या पोरीचं लिहिलं, तिचा बाप परवा दुकानात आला. फडातनं आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते पोरीसाठी सिम घेण्याचं. आधारला नंबर बदलायला दोघं आले होते. मशीननं तिचा अंगठा घेतला, दुसऱ्या खेपेला. बापाचा घेतलाच नाही, कोयत्यानं बोटावरच्या रेघा झिजल्यात. नशीब, बदल तिच्या आधारात करायचा होता.